अस्सल देशी प्रिंटर

ताई,

तू परदेशातून पाठवलेल्या पैशांतून तुझ्या या वकील बहिणीने घेतलेला प्रिंटर गेला गं! लष्कराविरुद्धच्या पर्यावरण खटल्यांना परदेशी मदत आता चालत नाही, म्हणून तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांनी त्याला सील ठोकलं. इकडे लष्करी डेपोचं तेल विहिरींत उतरतंय, त्याविरुद्ध कोर्टात अर्ज करायचा शेवटचा दिवस, आणि मी कपाळाला हात लावून बसलेले. तेवढ्यात लष्कराचे वकील डोकावले. म्हणाले, "आमच्याकडे छापा, आमचा अस्सल देशी आहे. तुम्ही नसाल तर मी भांडू कोणाशी?"

त्यांच्याविरुद्धची चाळीस पानं त्यांच्याच कागदावर निघाली. पिनाही त्यांनीच मारल्या!

अर्ज दाखल झाला. हे पत्र मात्र टाकत नाही. तू शाबासकी दिलीस, तर तीही परदेशी मदतच धरतील.

तुझी, सील न लागलेली,
धाकटी