आधीच्या पासचं नाव

एडमंटन, रविवार

प्रिय रविदादा,

घरात सगळ्यांना जयभीम. मी बरी हाय. थंडी लई हाय, पण तीन स्वेटर घालते, आईला सांग. बर्फावर घसरले ते सांगू नको. मनगट थोडं सुजलंय, बाकी काही न्हाई.

इथली नर्सिंगची परीक्षा पास झाले म्हणून तू चाकूरच्या बसस्टँडवर माझा फ्लेक्स लावणार हायस म्हणे. आधी हे वाच.

मी काम करते त्या वृद्धाश्रमात दोन आजोबा रोज नाश्त्याला भांडतात. आइस हॉकीत दुसऱ्याला गोल करून देणारा सगळ्यात भारी कोण? एक म्हणतो ग्रेट्स्की, दुसरा म्हणतो ऑर. निकाल माझ्यावर सोडला. मी महिनाभर जुने सामने बघितले आणि ग्रेट्स्कीचं नाव घेतलं. ऑरवाले आजोबा दोन दिवस माझ्या हातची गोळी घेईनात. तरी निकाल बदलला न्हाई.

पण ह्या खेळातली एक रीत मला पटली. गोल झाला की मारणाऱ्यासोबत पास देणाऱ्याचं नाव लिहितात, आणि त्याच्याही आधी ज्यानं पास दिला, त्याचंही.

मला नांदेडला नर्सिंगला तू घातलंस. पण त्याआधी रेणुकाताईनं बारावीची परीक्षा सोडून आईचं आजारपण काढलं, म्हणून माझी शाळा सुटली न्हाई.

फ्लेक्सवर आपल्या तिघांचे फोटो लाव, एकाच मापाचे. ताईचा खाली टिकलीएवढा नको. जमत नसेल तर फ्लेक्सच नको.

ताईचे डोळे डॉक्टरला दाखवले का? ती फोटो द्यायची न्हाई. घरी माझ्या पेटीत तिचं बारावीचं हॉल तिकीट हाय, तिनं टाकलेलं मी उचलून ठेवलं होतं. त्यावरचा घे.

तुझी,
धम्मप्रिया