बास्क लोकांवर सांगलीत झालेला अन्याय

सातारा, २ डिसेंबर १९४६

सौ. गुणमालाबाई यांस उमाबाईचा नमस्कार.

(या खेपेस ‘प्रिय गुणू’ असे लिहायचे नाही, असे ठरवूनच बसले आहे.) आपली प्रकृती उत्तम असणार. गेल्या महिन्यात आपल्याला व्यासपीठावर तासभर उभ्या राहून बोलताना पाहिले, तेव्हा काळजीचे काही कारण दिसले नाही. आपल्या यजमानांचा, नानासोंचा, खोकला कसा आहे? सारा जन्म हळदीच्या पेठेत गेला तरी नाकाला फडके बांधायचे नाही, हा त्यांचा हट्ट अजून आहे का? त्यांना माझा नमस्कार सांगावा आणि माझा त्यांच्यावर राग नाही, हेही सांगावे. कोणावर आहे ते त्यांना कळेल. माझे बरे आहे. गुडघा दुखतो, पण तो आपल्या व्याख्यानाच्या आधीपासून दुखत असल्यामुळे त्याचा दोष आपल्याला देत नाही.

पत्रास कारण असे की, आपल्या महिला मंडळाच्या चिटणीस चि. शालन यांनी वार्षिक अहवालाचा मजकूर माझ्या सहीसाठी पाठवला आहे. त्यात आपले ‘अमेरिकेतील बास्क आणि स्लोव्हाक वसाहती : सामाजिक व आर्थिक तुलना’ हे व्याख्यान दीड पान छापायचे आहे. शेवटी निष्कर्ष आहे की, स्लोव्हाक सर्व बाबतींत सरस. आणि त्याखाली एक ओळ : ‘अध्यक्षांनी समारोप केला.’ ऐंशी मिनिटे बोलले मी! त्याचे तीन शब्द? मी सही करणार नाही. मजकूर या महिनाअखेर छापखान्यात जायचा आहे म्हणे. जाऊ दे, माझ्या सहीवाचून जाऊ दे.

मी सांगलीस कशी आले हे आपण विचारलेही नाही. साताऱ्याहून निघालेली ती कोळशावर चालणारी मोटार! लढाई संपून वर्ष उलटले तरी तिच्या मागची शेगडी काही सुटली नाही. प्रत्येक चढाला आम्ही उतारू उतरायचो, ड्रायव्हर शेगडीत सळई खुपसायचा, आणि मग मोटार आम्हांला मागे टाकून एकटीच वर जायची. कऱ्हाडपर्यंतची अर्धी वाट मी पायीच चालले असेन. आपल्या सभागृहात पोचले तेव्हा माझे मोतिया रंगाचे पातळ पाठीमागून काळे झाले होते, आणि मी अध्यक्ष असल्यामुळे अडीच तास प्रेक्षकांकडे तोंड करूनच वावरले. हे सगळे कशासाठी? तर आपल्या शाळेतल्या सिस्टर इग्नेशियाच्या बास्क माणसांची बाजू कोणीतरी मांडावी म्हणून. आपण ती मांडणार नाही याची मला खात्री होती, आणि आपण माझी निराशा केली नाही.

आपल्या डोंगरावरच्या शाळेतले ते दिवस आठवतात का? थंडीत दुपारी व्हरांड्याच्या उन्हात बसून सिस्टर इग्नेशिया आणि सिस्टर ल्युडमिला आपले मोजे रफू करायच्या. एक बास्क, स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या डोंगरातली. दुसरी स्लोव्हाक, तेव्हा हंगेरीच्या राजाच्या अंमलाखाली असलेल्या डोंगरातली. दोघींचे भाऊ एकाच सुमारास अमेरिकेला गेलेले. इग्नेशियाचा भाऊ आयडाहो नावाच्या प्रांतात दोन हजार मेंढ्या आणि एक कुत्रा घेऊन रानात, ल्युडमिलाचा भाऊ पेनसिल्व्हेनियात लोखंडाच्या भट्टीवर. टपाल आले की वाद सुरू. “माझ्या भावाच्या डोक्यावर आभाळ असतं,” असे ही म्हणायची. “माझ्या भावाच्या डोक्यावर छप्पर असतं,” असे ती म्हणायची. सुया मात्र दोघींच्या थांबायच्या नाहीत. आपण पोरींनीही दोन तट केले, मेंढीवाल्या आणि भट्टीवाल्या. मला गोवर निघाला तेव्हा इग्नेशिया अकरा दिवस माझ्या खाटेशेजारी बसली, म्हणून मी मेंढीवाली झाले. आणि तुझ्यासाठी ल्युडमिला सूर्य मावळायच्या आत बटाट्यावाचूनचे जेवण वेगळे रांधायची (जिच्या मुलखात बटाट्यावाचून चूल पेटत नाही अशी बाई!), म्हणून तू भट्टीवाली. हे मला समजते. मी काही दगड नाही. (‘तू’ लिहून गेले. असू दे, खोडत नाही. कागद महाग झाला आहे.)

पण लहानपणीचा कौल वेगळा आणि फळ्यावर दोन रकाने आखून सांगलीच्या तीस बायकांपुढे निकाल देणे वेगळे. तू म्हणालीस, स्लोव्हाक एकमेकांना धरून राहिले. त्यांच्या मंडळ्या निघाल्या, भट्टीवर माणूस दगावला तर मंडळी त्याच्या बायकोला पैसे देते, त्यांची वर्तमानपत्रे आहेत, त्यांच्या देशाचे राज्य उभारायचा करारसुद्धा पिट्सबर्ग शहरात झाला. सगळे कबूल. पण एकेका घरात आठ-आठ भाडेकरू, एका खाटेवर दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा निजायचा, खाट कधी गार पडत नसे, हे तुलाही ल्युडमिलाच्या भावाच्या पत्रांतून ठाऊक होते. ते कुठल्या रकान्यात घातलेस? कारखाना बंद पडला की सगळी गल्ली एकदम उपाशी. मेंढ्या बंद पडत नाहीत! आमचा बास्क मजुरीच्या बदल्यात मेंढ्या घेतो, आठ वर्षांत स्वतःचा कळप करतो. गावात त्यांची खाणावळ असते, तिथे लांबच लांब मेजावर पावट्याची आमटी आणि मटण, मागे चेंडू खेळायची भिंत, आणि खाणावळीची मालकीण बाई. बाई मालक आहे, गुणू! महिला मंडळात हे सांगायचे नाही तर कुठे सांगायचे? त्यावर तू म्हणालीस, सरकारने चराईची राने बंद केली, आता मेंढ्यांत राम नाही. खरे आहे, पण ते सांगताना इतके हसायचे काय कारण होते?

मी समारोपास उठले. दहाव्या मिनिटाला घंटा वाजली. मला वाटले, शाळा सुटली कुठलीतरी. तर आपली शालन माझ्याकडे पाहून वाजवत होती! अध्यक्षाला घंटा? मी तिला म्हटले, “पोरी, अध्यक्ष मी आहे.” ती म्हणाली, “होय मावशी, पण दूध आटायला लागलंय.” तुमच्या मसाला दुधासाठी अख्ख्या एका जमातीची बाजू मी दहा मिनिटांत आटपायची?

आणि मग माझ्या हातून चूक झाली, ती मान्य करते. दारात आटपाडीकडची तानुबाई धनगरीण घोंगड्या विकायला बसली होती. मला वाटले, इथे साक्षात साक्षीदार बसला आहे. मी म्हटले, या बाईंना विचारा, मेंढपाळाचे जिणे किती स्वतंत्र असते! तानुबाई उठली, पदर सावरला आणि म्हणाली, “सवतंत्र कुटलं वं बाई? मेंढरू म्हनंल तिकडं जायाचं.” सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मग ती मलाच विचारू लागली.

“आन त्या तुमच्या गड्याची बायकू कुटं हाय?”

“मागे. त्याच्या देशात.”

“भाकरी कोन घालतं मग त्येला?”

“स्वतःच करून खातो.”

“किती वरसं?”

“सात-आठ.”

“आवं, मग त्यो येडा झाला आसंल! आमी न्हाई सोडत गडी येकला. पोरं, कोंबड्या, म्हातारी, समदं घोड्यावर घालतो आन निगतो. म्हातारीला मागं ठिवून कुटं जायाचं?”

तू तेव्हा फळा पुसायला वळलीस. पण मी तुझा खांदा हलताना पाहिला.

बरे झाले की तुझी साक्षीदारही तुझ्यावर उलटली. विट्याच्या साळूबाईंना तू मुद्दाम पुढच्या रांगेत बसवले होतेस. तिघे मुलगे सोने गाळायच्या दुकानांत, एक कानपूरला, एक कलकत्त्याला, एक मद्रासला. भट्टीचे काम, एकमेकांना धरून राहणारी गावकरी माणसे, म्हणजे हुबेहूब स्लोव्हाक! सांगा साळूबाई, तुमच्या नातवंडांनी आपली भाषा कशी राखली आहे! आणि साळूबाई म्हणाल्या, “कशाची राखत्यात? मद्रासचा नातू आला व्हता जत्रंला. येक अक्षर कळत न्हाई. त्यो त्येचं बोलतो, मी माजं बोलते. लय झ्याक चालतंय.” याचा अहवालात उल्लेख आहे का? नाही! ‘श्रोत्यांनीही चर्चेत भाग घेतला.’ तानुबाईच्या आठ घोंगड्या त्या दिवशी खपल्या, सभेतून पदरात काही पडलेली ती एकटीच. त्यानंतर मी सत्तर मिनिटे बोलले आणि पुढे फक्त तू, शालन आणि एक झोपलेली बाई उरली, हेही मला दिसत होते. पण थांबले नाही. थांबणार कशी? तुझे ते एक वाक्य माझ्या डोक्यात घण घालत होते.

ते वाक्य तुला ठाऊक आहे. अहवालात पान नऊवर ते जसेच्या तसे आहे : ‘बास्कांची तिसरी पिढी स्वतःच्या आजीशी बोलूही शकत नाही.’ ते म्हणताना तू माझ्याकडे पाहिलेस. नाही म्हणू नकोस. बरोबर तेव्हाच पाहिलेस. माझा मधुकर नैरोबीला जाऊन तेरा वर्षे झाली, रेल्वेच्या कचेरीत आहे, तिथल्याच गुजराती हंसाशी त्याने मला न विचारता लग्न केले, मधे लढाई आली, आणि त्यांची सात वर्षांची क्षमा मी फोटोतच पाहिली आहे, हे सांगलीत तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे? आता तो म्हणतो, आई, साताऱ्याचे घर बंद कर आणि कायमची इकडे ये. फेब्रुवारीच्या बोटीवर जागा धरायची तर महिनाअखेरपर्यंत कळव. हेही मी फक्त तुला कळवले होते. आणि तू ते फळ्यावर नेऊन लिहिलेस! बास्कांचे नाव घालून लिहिलेस म्हणून मला कळणार नाही असे वाटले? मी त्या सभागृहात ऐंशी मिनिटे आयडाहोच्या मेंढपाळांसाठी भांडले असे शालनला वाटत असेल. तुला तसे वाटत असेल तर चाळीस वर्षांची मैत्री फुकट गेली म्हणायची.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. पान नऊवरचे ते वाक्य काढावे, नाहीतर त्याखाली लिहावे की अध्यक्षांनी ते साफ नाकारले आणि पुराव्यादाखल सिस्टर इग्नेशियाच्या भावजयीच्या घरून, आयडाहोहून, आलेले ताजे पत्र वाचून दाखवले. तसे न झाल्यास मला या मंडळाशी, या विषयाशी आणि आपल्याशी काही कर्तव्य उरणार नाही. नानासोंना पुन्हा नमस्कार. शालनला आशीर्वाद, आणि ती घंटा कुठेतरी उंच ठेवा.

आपली (नाइलाजाने)
उमा

ता. क. पत्र पाकिटात घालताना मनाला बरे वाटेना म्हणून लिहिते. आयडाहोच्या पत्रातला एक परिच्छेद मी सभेत गाळला. पत्र भावजयीचे नाही, तिच्या नातीचे आहे, आणि इंग्रजीत आहे. भावजय मार्चमध्ये गेली. शेवटी शेवटी ती बास्क सोडून काही बोलेना आणि घरात ते कोणालाच येईना. मग ही मुलगी रोज संध्याकाळी खाणावळीतल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला हाताला धरून आणायची आणि तिच्या उशाशी बसवायची. तो सांगायचा, ती पाणी मागते आहे, ती खिडकी उघडा म्हणते आहे. तेव्हा वाक्य खरे आहे. राहू दे पान नऊवर.

ता. क. २. सही करून मजकूर सोबत पाठवला आहे. ‘समारोप केला’च्या आधी ‘सविस्तर’ एवढा एक शब्द मी घातला आहे. तेवढा तरी शालनने छापावा.

ता. क. ३. गुणू, आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. मधुकरच्या गेल्या पाकिटात क्षमाचे पत्र होते. तो लिहितो, तिने एकटीने लिहिले आणि त्याला दाखवू दिले नाही. सगळे गुजरातीत आहे. अक्षरे ओळखीची वाटतात, पण एकाही ओळीला डोक्यावर रेघ नाही, त्यामुळे ‘बा’ म्हणजे आजी आणि ‘क्यारे’ म्हणजे केव्हा, यापलीकडे मला लागत नाही. पाच आठवडे ते उशीखाली आहे. इथे पेठेत गुजराती कापडवाले आहेत, ते वाचतील. पण नातीचे पहिले पत्र मला गिऱ्हाइकांत उभे राहून ऐकायचे नाही. तुझी आई गुजराती, तुला येते. सोबत ठेवले आहे. सावकाश वाच आणि मला मराठीत लिहून पाठव. तिने लिहिले असेल तसेच लिही, माझ्यासाठी गोड करू नकोस. ‘येऊ नको’ असे असेल तर तेही लिही. आणि ‘ये’ असे असेल तर उत्तर लिहीत बसू नकोस, तार कर. मधुकरला कळवायला माझ्याकडे चारच आठवडे आहेत, आणि मला ही भाषा शिकवायला तुझ्याकडे दोन महिने.