बाटली मी स्वच्छ धुऊन दिली

३ तारीख, सकाळ
लेकीचे दिवस भरत आले. महिनाअखेरीला होईल म्हणतात. मी जाणार आणि बाळाला आंघोळ मीच घालणार, हे ठरलंय. कोणी ठरवलं असं विचारायचं कारण नाही. बॅग भरली.

३ तारीख, दुपार
पोट बिघडलं. सूनबाईने काल बाहेरचं मागवलं होतं. मी घरचंच जेवले, पण ती माझ्या शेजारी बसून खात होती. त्याचाच वास बाधला.

५ तारीख
पोट अजून तसंच. वर लघवीला जळजळ. उष्णता झाली असणार. पाणी कमी प्यायचं ठरवलं. पाणी कमी म्हणजे जाणं कमी, जाणं कमी म्हणजे जळजळ कमी. शिकलेल्यांना एवढं साधं सुचत नाही.

६ तारीख, पहाट
जाऊन आले. परत जाऊन आले. उपाय बरोबर आहे, गुण यायला वेळ लागतो.

७ तारीख
सूनबाईच्या लक्षात आलं. ऑफिसला जायच्या गडबडीतही बाथरूमच्या दारावर नजर असते तिची. तिने मुलाला सांगितलं, दोघांनी मिळून मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी गाडीतच सांगितलं, मी फक्त सोबत म्हणून येतेय.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आतड्यात जंतू असतात म्हणे, सगळ्यांच्याच असतात, आणि बहुतेक मुकाट राहतात. काही जात्याच खोडकर, ते पोट बिघडवतात. आणि मुकाट राहणारे चुकून लघवीच्या वाटेला गेले की तेही जळजळ करतात. मी म्हटलं, माझ्या आतड्यात असले भाडेकरू नाहीत. त्यांनी लघवीच्या तपासणीची बाटली हातात दिली. भरपूर पाणी प्या म्हणाल्या. जाऊन आल्यावर साबणाने हात धुता ना, असंही विचारलं. मुलगा पंख्याकडे बघायला लागला.

साबण मळलेल्या माणसांना लागतो. माझे हात मळत नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं. पण सूनबाईने आपण होऊन सांगितलं की मी बाळंतपणाला निघालेय. मग काय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट बरं होऊन रिपोर्ट चांगला येईपर्यंत बाळाजवळ जायचं नाही. पोटातले जंतू हातावरून जातात. माझ्या हातावरून. याच हातांनी दोन मुलं वाढवली, त्यातलं एक तिथंच बसून पंखा बघत होतं.

७ तारीख, संध्याकाळ
लेकीचा फोन. बातमी माझ्याआधी पोचलेली. तोवर सासूबाई आहेत इथे, असं म्हणाली. विहीणबाई! ती बाई दाराची कडी काढली तरी हात धुते. बाळाला सोलून ठेवेल. रिपोर्ट चांगला यायलाच पाहिजे.

८ तारीख
बाटली कुणाकुणाच्या हातातून आली असेल, देव जाणे. झाकण उघडून नळाखाली चांगली विसळली, माझ्या फडक्याने आतून कोरडी केली. हे फडकं ओट्याला, ताटांना, सुरीला, हातांना, सगळ्याला चालतं. मग भरून दिली. लॅबवाला म्हणाला, बाटली बाहेरून ओली कशी? स्वच्छता बघायची सवय नसते लोकांना.

११ तारीख
रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नमुन्यात इतक्या जातींचे जंतू की खरा कुठला ते लॅबला ठरवता येईना. बाटली कशी भरली ते विचारलं. मी सगळं नीट सांगितलं, फडक्यासकट. सूनबाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या घरात आलेली ती सगळ्यात स्वच्छ वस्तू होती."

घरी आल्यावर सूनबाईने फडकं चिमट्यात धरून कचऱ्यात टाकलं. मी अन्नत्याग करणार होते, पण भूक लागली.

१२ तारीख
दुसरी बाटली. न धुता दिली. जबाबदारी त्यांची.

१५ तारीख
या खेपेला एकच जंतू सापडला, आतड्यातलाच. गोळ्या दिल्या. मुलाला म्हटलं, जंतूंच्या बाजारातून एकावर आलं, म्हणजे रिपोर्ट जवळजवळ चांगलाच. तो म्हणाला, जवळजवळला डॉक्टरीणबाई ऐकणार नाहीत.

गोळ्या कडू आहेत. एक चुकवली. सूनबाईने उशीखाली शोधून काढली.

१९ तारीख
झालं. मुलगी. थोडी आधीच आली, घाई आमच्याकडची आहे.

२१ तारीख
फोनवर आंघोळ दाखवली. विहीणबाई घालत होत्या. धरलं बरं होतं. म्हणजे फार काही चुकत नव्हतं. मी सारखं सांगत होते, मान धरा, मान धरा. मागाहून कळलं, माझा आवाज त्यांनी बंद केला होता.

नंतर लेकीला म्हटलं, त्या मेल्या रिपोर्टने अडवलं गं मला.

ती म्हणाली, "आई, रिपोर्ट सुधारेल गं. तू हात धूत नाहीस, त्याचीच मला भीती वाटते."

मी फोन ठेवला. सूनबाईला सांगितलं, रेंज गेली.

२२ तारीख
गोळी वेळेवर घेतली. पाणी पितेय. तहान लागते म्हणून, कुणी सांगितलं म्हणून नाही.

२७ तारीख
पोट केव्हाच बरं झालंय, आणि रिपोर्टही स्वच्छ. मी पहिल्यापासून म्हणत होते, मला काही झालेलं नाही. उद्या निघणार. विहीणबाईंना काय सुनवायचं ते तयार आहे. पहिलं, आता तुम्ही बाजूला व्हा. दुसरं, बाळ असं धरत नाहीत. तिसरं, तोंड बघितल्यावर सुचेल.

२८ तारीख
पोचले. दार विहीणबाईंनीच उघडलं, बाळ खांद्यावर. बाळाने एक डोळा उघडला, मला बघितलं, मिटला. लेक पलंगावर बसलेली. ती माझ्या हातांकडे बघत होती. बॅग खाली ठेवली. पहिलं, दुसरं, दोन्ही जिभेवर होतं.

म्हटलं, "विहीणबाई, तुमचा साबण कुठे असतो?"