यादीतलं पाचवं नाव

२१ जुलै २०२५, सोमवार

नऊ नावं आली. त्यात आबांचं नाही. बद्रीनाथ मोठेबाबांचं आहे!

तीनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. पाचवं नाव — बद्रीनाथ रंगनाथ, भरती १९६८, निवृत्त १९८५, एकाहत्तरच्या लढाईत जखमी. अहो, हे सगळं आबांचं! पोटरीतला तो खड्डा माझ्या सासऱ्यांच्या पायाला आहे. मोठेबाबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ते जन्मभर हसनाबादच्या शिवाराबाहेर गेले नाहीत, अकरा वर्षांपूर्वी वारले तेही शेतातल्या आखाड्यावर, खोपीतच. एकाहत्तरातला फौजी म्हटलं की गावात एकच माणूस डोळ्यासमोर येतो — तातेराव. आमचे आबा.

गावातून लढाईला गेलेल्यांची नावं दगडावर कोरायची, पंधरा ऑगस्टला शाळेसमोर दगड उभा करायचा. माहिती जमवायचं काम माझ्या गळ्यात, कारण काय, तर शाळेतल्या शालूबाईंचं अक्षर चांगलं! जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयातून खात्रीची यादी मागवा, हेही मीच सुचवलं होतं. कुठून सुचलं मला!

कारकुनाची चूक असेल. असावी.

२२ जुलै, मंगळवार

नवऱ्याला विचारलं. हे जेवत होते. भाकरी मोडता मोडता हात थांबला. "तुला कोणी सांगितलं?" हा पहिला प्रश्न! म्हणजे यांना माहीत होतं. बावीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर. माझ्या माहेरची प्रत्येक भानगड यांना पाठ, आणि स्वतःच्या बापाची एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून बसले.

मग सांगितलं. भरतीला सातवी पासचा दाखला लागायचा. आबा सातवीत दोनदा नापास. मोठेबाबा पास झालेले, पण शेत सोडून ते कुठे जाणार? मग धाकटा थोरल्याचा दाखला खिशात घालून औरंगाबादेला भरतीला गेला. घरातल्या घरात ठरलं. पेरणीला शेजाऱ्याची पाभर मागून न्यावी, इतक्या सहज! सतरा वर्षं पलटणीत बद्रीनाथ, गावात तातेराव. आजही बँकेत बद्रीनाथ, मतदार यादीत तातेराव. आणि मोठेबाबा वारल्याचा दाखला आजवर काढलेलाच नाही. काढला असता तर आबांची पेन्शन बंद आणि वर चौकशी. म्हणजे त्यांच्या बायकोला, आमच्या मोठीआईला, कागदावर विधवासुद्धा होता आलं नाही.

"आता?" म्हणाले मला.

मला विचारतात! बावीस वर्षांनी!

२३ जुलै, बुधवार

फळ्यावर कालचीच तारीख घातली. पोरं हसली. मला रडू आलं, खडू आणायच्या निमित्तानं बाहेर गेले.

२६ जुलै, शनिवार

व्हायचं तेच झालं. सरपंच तृप्ती घरी आली. पोरगी चांगली आहे, बत्तीस वर्षांची, उत्साह नुसता ओसंडतो. मेलवर यादी तिलाही आलेली. दारातूनच ओरडत आली — "मॅडम, ह्ये काय करून राह्यले हो हे लोक? आबांचं नावच न्हाई! आन् बद्रीनाथबाबा कवा गेल्ते फौजेत?"

मी चहा ठेवायला आत पळाले.

"मी सोमवारीच वर तक्रार करते," ती म्हणते. "फक्त आबांचं फौजेतलं डिस्चार्जचं पुस्तक द्या, फोटो मारून पाठवते. चौकशी लावू. कोण चुकलं ते बराबर निघंल."

चौकशी लावू! आमच्याच भल्यासाठी! शत्रू असता तर हातापाया पडले असते, या पोरीला काय सांगू? पुस्तक कुठे ठेवलंय ते आठवत नाही, दोन दिवस द्या, म्हणाले. खोटं बोलताना माझा चेहरा लाल होतो. तिनं पाहिलं नसावं.

आबा ओसरीवर होते. सगळं ऐकलं त्यांनी. जेवायला उठले नाहीत.

२८ जुलै, सोमवार

आज शाळेतून आल्यावर आबांजवळ बसले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी असं समोर बसून कधी बोलले नव्हते. सांगायला तोंड उघडलं तोच म्हणाले, "कळलं मला. शिवाजीनं सांगितलं." म्हणजे यांनी आधीच बापाच्या कानावर घातलं होतं.

मग एकदम बोलू लागले — "पहिल्या म्हैन्यात हवालदारानं नाव पुकारलं आन् मी ऱ्हायलो उभा तसाच. ध्यानातच आलं न्हाई का मलाच बोलावतोय! कानफडात बसली अशी. मंग रात्रंदिवस घोकलं. बद्रीनाथ, बद्रीनाथ. सपनात कुणी हाक मारली तरी ओ द्याया पायजे." मला हसू आलं.

पुढे म्हणाले, "मराया भेलो न्हाई पोरी. तिकडं गोळे पडून राह्यले होते, तवा एकच भ्याव. मेलो तर दादाच्या नावानं मरंल. माझ्या नावाचं कुणीच मेलं न्हाई, असं व्हईल."

आणि आता कशाची भीती वाटते, असं विचारलं. वाटलं, पेन्शन म्हणतील, पोलीस म्हणतील.

"लोक म्हणतील, फौजी खोटा होता," म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस!

३१ जुलै, गुरुवार

बंबापुढे आबा बसलेले, मांडीवर ट्रंक उघडी, हातात ते पुस्तक. बंब पेटलेला! पुस्तक काढून घेतलं. त्यांनीही ओढलं नाही. धान्याच्या कोठीत, गव्हाखाली ठेवलंय. हे इथे लिहायला नको होतं.

तृप्तीचे तीन मिस्ड कॉल.

४ ऑगस्ट, सोमवार

तृप्तीला सांगून टाकलं — तक्रार करू नका, आबांना मान नको, त्यांचं नाव नको, त्यांचीच इच्छा आहे. ती नाराज झाली. "मंग मोठेबाबांचं तरी काढू की! ते तर चुकीचंच हाय." मी म्हणाले, सरकारी यादी आहे, आपण कशाला हात लावायचा. स्वतःच्या शब्दांची लाज वाटली.

तोवर दगड येऊनही पडला! शांतिलालशेठनी दिलाय, त्यांच्या कापडदुकानासमोरच ठेवलाय, पोत्यांत गुंडाळून. नावं कोरून झालीत. पाहायला गेले. पोतं बाजूला करून पाचव्या नावावर बोट फिरवलं. अक्षरं खोल कोरलीत. आता ती काही पुसत नाहीत.

मान वर केली तर शेठ माझ्याकडेच पाहत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण नजर कापडाला गाठ असेल तर दुरून दिसावी अशी. म्हणाले, "यादी बराबर हे ना बाई?"

"हो."

"बिलकुल बराबर हे," असं म्हणून गादीवर जाऊन बसले.

असं का म्हणाले? काय कळलंय त्यांना?

८ ऑगस्ट, शुक्रवार

मारुतीच्या पारावरची म्हातारी मंडळी मी जवळून गेले की गप्प होतात. आज मुद्दाम परत फिरून गेले. परत गप्प! एकानं नुसतं विचारलं, "फौजीची तब्येत बरी हाय ना?" बरी आहे म्हणाले. कशाला विचारावं? रोज विचारतात का? नाही, रोजच विचारतात. मला काही सुचेनासं झालंय.

हे म्हणतात, तुझ्या तोंडावरूनच लोकांना कळेल. खरं आहे. पण यांचं तोंड तरी कुठे धड आहे? आमच्या खताच्या दुकानात काल एकाला दोन गोण्यांऐवजी तीन देऊन बसले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कार्यक्रम ठरला. जिल्ह्याहून एक निवृत्त कॅप्टनसाहेब येणार. ते फौजेतल्या हजेरीसारखं एकेक नाव पुकारणार. जो हयात असेल त्यानं उठायचं, नसेल त्याच्या घरच्यांनी पुढे यायचं. तृप्तीची कल्पना! तिला वाटतं फार छान झालंय.

म्हणजे भर गावासमोर पुकारणार — बद्रीनाथ रंगनाथ. आणि मग? कोण उठणार? गाव विचारणार नाही का, हा शेतकरी फौजेत कधी होता?

आमचं ठरलं. आबांना चौदालाच राजूरला मोठीआईकडे पाठवायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मोठीआई तिथे लेकीकडे आहे. ताप आला होता, हवापालटाला गेले, असं सांगायचं. आबा हो म्हणाले. शाळा चुकवणाऱ्या पोराचा चेहरा होता त्यांचा.

मोठीआईला यातलं काही कळवलेलं नाही. दगडावर तिच्या नवऱ्याचं नाव आलंय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

१४ ऑगस्ट, गुरुवार

सगळं ओम फस! आबांची पिशवी भरून ठेवली आणि दुपारच्या गाडीनं मोठीआईच दारात हजर. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पेढ्यांचा पुडा. "दगड बसून राह्यला म्हणं गावात. मंग मी राजूरला काय करू?"

कोणी सांगितलं हिला? सगळंच सांगितलं की काय? विचारायची छाती झाली नाही. ती आबांशेजारी ओसरीवर बसली.

संध्याकाळी आबांनी पिशवी स्वतःच रिकामी केली. "राजूरला बसून भ्यायचं, ते शाळेपुढं बसून भिऊ," म्हणाले.

देवा, उद्याचा दिवस पार पडू दे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

झेंडावंदन झालं. शाळेसमोर अख्खं गाव. आबा दुसऱ्या रांगेत, एका बाजूला मी, एका बाजूला मोठीआई. हे मागे कुठेतरी उभे. कॅप्टनसाहेबांनी कागद घेतला. आवाज खणखणीत. पहिलं नाव, एक म्हातारी उठली, शाल घेतली. दुसरं. तिसरं — आमचाच कारगिलचा जवान, टाळ्या! चौथं. मी ठरवलं होतं, पाचव्या नावाला मीच उठायचं, घरचे म्हणून पटकन शाल घ्यायची आणि बसायचं. उठण्यासाठी खुर्चीचा हात धरला.

"बद्रीनाथ रंगनाथ!"

आणि आबा उठले. उठले म्हणजे काय, काठी खाली पडली, टाचेला टाच लागली, छाती पुढे — "हाजिर साब!" शाळेच्या भिंतीवरून आवाज परत आला.

विचार करून उठले नव्हते. उभं राहिल्यावर त्यांना कळलं. चेहरा पांढराफटक पडला, पण खाली बसेनात.

वाटलं, संपलं. आता कोणीतरी ओरडणार. तरुण पोरं एकमेकांकडे पाहू लागली. तृप्ती माइक हातात घेऊन म्हणाली, "अहो पण आबा, तुमचं नाव तर —" आणि तेवढ्यात शांतिलालशेठ पहिल्या रांगेतून, "ताई, पुढलं नाव घेऊ द्या. साहेबांना जायला उशीर होऊन राह्यला." पाठोपाठ टाळ्या. पारावरच्या म्हाताऱ्यांनी सुरू केल्या. थांबेचनात! त्यांच्यातल्या एकानंही मान वळवली नव्हती, कोणी कुजबुजलं नव्हतं.

कॅप्टनसाहेबांना काय ठाऊक? त्यांनी नाव पुकारलं, माणूस उठला. शाल घातली, कडक सॅल्यूट केला.

घरी आल्यापासून आबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. कोणीही चौकशीला आलेलं नाही. दार वाजलं की मी आधी खिडकीतून पाहते.

१६ ऑगस्ट, शनिवार

मोठीआईला सकाळी विचारलंच, लोक आता काय म्हणतील?

ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "लढाईत तार आल्ती. पोस्टमननं चावडीपुढं मोठ्यानं वाचली, बद्रीनाथ जखमी. आन् हे तिथंच उभे, हातात कासरा! सारं गाव यांच्याकडं बघून राह्यलं. माझी सासू तर मटकन खाली बसली. मंग शांतिलालचा बाप म्हणला, ही गोष्ट हितंच राहू द्या, पोरगं लढाईवर हाय. त्या दिवसापासून कुणी तोंड उघडलं न्हाई."

चौपन्न वर्षं! सगळ्या गावाला माहीत होतं. आणि आम्ही त्याच गावाला भीत होतो.

आबांना का नाही सांगितलं कोणी, म्हटलं.

"फौजेतून लंगडत आल्ता. त्याला काय सांगावं, का गावानं तुझं झाकून ठेवलंय? मान खाली गेली असती त्याची." शेंगांची टरफलं झटकली तिनं. "तुला आज कळलं. आता तू बी गप ऱ्हायचं."