आजेसासूबाईंचे अळू

आई,

तुला अक्षरओळख नव्हती. हा कागद तुझ्या हयातीत लिहिला असता तरी कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागला असता, आणि घरात वडिलांखेरीज वाचून दाखविण्याजोगा मीच होतो. वर मायना घातलेला नाही, तो विसरलो म्हणून नव्हे. चौथी इयत्ता पहिल्या क्रमांकाने उतरलेला मनुष्य मायना विसरत नसतो. रागावलेल्या माणसाने साष्टांग नमस्कार लिहिणे खोटेपणाचे होते, म्हणून लिहिला नाही. मी तुझ्यावर रागावलो आहे. तुला जाऊन चाळीस वर्षे उलटली. माझा राग त्याहून जुना आहे.

आज दुपारी जेवणे आटोपल्यावर थोरली सून माजघरात तांदूळ निवडीत बसली होती. शेजारची काकू आली होती, आणि गेल्या वैशाखात लग्न होऊन आलेली नातसून सुपाशी होती. मी ओटीवर आडवा झालो होतो आणि मधले दार उघडे होते. शेजारणीच्या यजमानांनी कल्याणच्या बाजारातून नवे तपेले आणले, त्याची हकीकत चालली होती. ते उचलायला म्हणे दोघी लागतात. "मी म्हटलं, यात भात लावू की तुम्हांला अंघोळ घालू?" असे ती म्हणाली आणि तिघी हसल्या. मग माझी सून म्हणाली, "ते असू दे, काकू. कल्हई तेवढी नीट बघून घ्या. नाहीतर आमच्या आजेसासूबाईंचं अळू व्हायचं."

आई, हे आपल्या घरातले नेहमीचे बोलणे होऊन बसले आहे. भाजी करपली, ताक फाटले, लोणच्याला बुरा आला, की या बायका तुझे नाव घेतात. ज्यांनी तुला डोळ्यांनी पाहिले नाही, त्यांना तुझ्याविषयी एवढी एकच गोष्ट ठाऊक आहे. नातसून नवी, तिने अर्थ विचारला. सुनेने सांगितले, की आजेसासूबाईंनी कल्हई गेलेल्या तांब्याच्या तपेल्यात चिंच घालून अळू करविले, ते कळकले, कचेरीतली मोठी माणसे जेवायला आलेली, ती सगळी ओकत बसली, आणि तेव्हापासून आजेसासऱ्यांनी त्यांना चुलीपुढे बसू दिले नाही. पोरीने सूप खाली ठेवले. म्हणाली, "पण इतक्या करणाऱ्या बाईला कळलं कसं नाही?"

मी उठलो. माजघराच्या दारात उभा राहून तांदळातल्या खड्यांवरून तिघींना इतके बोललो, की शेजारीण पदर सावरून मागच्या दाराने निघून गेली. बोलायचे होते ते वाक्य निराळे होते आणि एकच होते. ते बोललो नाही. ओटीवर परत आलो, दौत उघडली, आणि हा कागद घेतला.

मला स्वयंपाक तू शिकवलास, आणि तो कधी हात न लावता शिकवलास. महिन्यातले चार दिवस तू बाजूला बसायचीस. घरात दुसरी बाई नाही, वडील कचेरीत, तेव्हा सोवळे नेसून मी चुलीपुढे. तू पडवीत, गोणपाटावर, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून. तुला चूल दिसत नसे, आणि तरी तुला सगळे दिसे. मी फोडणी करतो आहे. मोहरी तडतडते. पडवीतून तुझा आवाज येतो, "थांब. अजून दोन दाणे राहिलेत. आता हिंग." भात खदखदतो, "जाळ मागे ओढ." पुरणाची डाळ, "वास कच्चा आहे, घाई करू नकोस." डोंबिवलीकडून भाजीची पाटी घेऊन येणारी म्हातारी आगरीण परसदारी टेकायची आणि तुला चिडवायची, "काय गो बाय, आज पोऱ्या रांधतंय? मंग आज घरधनी दोन घास जास्ती जेवनार." तू हसायचीस आणि म्हणायचीस, की जेवतील, पण सांगणार नाहीत. मी आजही कानाने रांधतो. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

ते तपेले वडिलांनी आणले. बाजारात जाऊन भांडे निवडणे हे पुरुषांचे काम; ज्या बाईने ते जन्मभर उचलायचे, तिने दुकानाची पायरी चढायची नाही. तू वडिलांना दोरी दिली होतीस, तिला दोन गाठी मारलेल्या; एक गाठ तोंडाच्या घेराची आणि एक उंचीची, म्हणजे भरलेले तपेले तुला एकटीला उतरवता यावे. वडील कल्याणला गेले आणि दोरी देवघराच्या कोनाड्यात राहिली. त्यांनी आणले ते लग्नघराचे तपेले. तांबे लखलखीत, काठाखाली त्यांचे स्वतःचे नाव ठोकून घेतलेले. आतली कल्हई मात्र इतकी पातळ, की दोन वेळा घासताच तांबूस डाग डोकावू लागले. तू ते दाखवलेस. वडील म्हणाले, "दिवाळीपुढे कल्हईवाला येईल तेव्हा बघू. नव्या भांड्याला नावं ठेवू नयेत." यावर तू काही बोलली नाहीस. न बोलण्याची ही तुझी रीत मला तेव्हाही पसंत नव्हती.

शिरस्तेदार आणि कचेरीतले आणखी चौघे सुट्टीच्या दिवशी आपल्याकडे जेवायला यायचे ठरले, आणि आदल्या दिवशी तू बाजूला बसलीस. बोलावणे फिरवणे वडिलांना कमीपणाचे वाटले. "मुलगा करील," असे म्हणून ते मोकळे झाले. मी सतरा वर्षांचा होतो. मला त्या दोन शब्दांनी किती उंच केले, हे तुला ठाऊक असेलच.

तू सकाळी सगळे क्रमाने सांगितलेस. हाताला तेल लाव, नाहीतर अळू खाजेल. देठ सोलून घे. चिंच सढळ हाताने घाल, आंबट कमी पडले तर पाहुण्यांचे घसे धरतील. आणि मग म्हणालीस, "अळू दगडीत कर. तपेल्याला आंबट लावू नकोस, त्याची कल्हई गेली आहे." मी ते स्वच्छ ऐकले. ऐकले नाही असे मी आजवर कधी म्हटलेले नाही; कोणी विचारलेच नाही. मी उलट म्हणालो, की दगडी लहान, माणसे आठ. तू म्हणालीस, "मग दोन वेळा कर."

दोन वेळा. त्या काळ्या, काठ उडालेल्या दगडी भांड्यात दोन वेळा अळू शिजवायचे, आणि त्यातूनच शिरस्तेदारांना वाढायचे. आणि शेजारी वडिलांच्या नावाचे लखलखीत तपेले पालथे पडलेले. मी ते चुलीवर चढवले. डाळ, खोबऱ्याचे काप, चिंचेचा कोळ, गूळ घातला आणि मोठ्या पळीने घोटू लागलो. बारा वाजेपर्यंत ते शिजले, आणि पाने मांडून होईपर्यंत तसेच त्यात राहिले. अळूचा रंग मुळातच हिरवा काळपट. तांब्याचा हिरवा त्यात कोणाला दिसणार?

पंगत बसली. शिरस्तेदारांनी अळू तीन वेळा मागून घेतले. वडिलांनी सगळ्यांच्या देखत सांगितले, की आजचा स्वयंपाक मुलाच्या हातचा आहे. दोन तासांत ओटीवर जे झाले ते लिहीत नाही. एक गृहस्थ आठ दिवस कचेरीत आले नाहीत. पाहुण्यांना गाड्यांत बसवून दिल्यावर वडील ओकाऱ्यांनी पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने मागे आले. मी ते तपेले हातात धरून उभा होतो. त्यांनी आत पाहिले आणि मला विचारले, "यात अळू करायला तुला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडले होते. हे तू नीट ध्यानात घे. मी तोंड उघडले होते, आणि तू पडवीतून, पाठ न वळवता म्हणालीस, "मी सांगितलं. दगडी पुरली नसती."

माझेच कारण तू उचललेस आणि त्यांच्यापुढे ठेवलेस. वडिलांनी माझ्याकडे पुन्हा पाहिले नाही. तुझ्या पाठीकडे पाहून म्हणाले, "इतकी वर्षं चुलीपाशी घालवलीस, आणि एवढं कळत नाही? उद्या कल्याणहून ताईला घेऊन येतो."

आत्या आली. विधवा, सोवळ्याची कडक, हाताला चव मुळीच नाही. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या. चौथ्या दिवशी न्हाऊन तू स्वयंपाकघरात आलीस, तेव्हा ती वर न पाहता म्हणाली, "वहिनी, तुम्ही आपली भाजी चिरा." तू विळी घेऊन दारापाशी बसलीस, ती नऊ वर्षे. एकदा आत्याचा हिंग जळला. तुझे नाक त्या दिशेला वळलेले मी पाहिले. तू काही तरी म्हणणार होतीस, आणि पुन्हा खाली पाहून भेंडी चिरू लागलीस. त्या चार दिवसांत आता मी लागत नव्हतो. पडवीतून आवाज येणे बंद झाले. शेवटच्या आजारात तू पेज मागितलीस. ती आत्याने करून दिली. तू दोन घोट घेतलेस आणि भांडे बाजूला सारलेस.

कोणी सांगितले होते तुला? मला काय झाले असते? दोन थपडा, महिनाभर टोमणे, आणि पुढच्या श्रावणात सगळे विसरून गेले असते. त्यासाठी तू नऊ वर्षे दिलीस, आणि मला न विचारता दिलीस. आईने मुलावर उपकार करावा. पण जो फेडता येत नाही आणि ज्याचा उच्चारही करता येत नाही, असा उपकार हा अपराध आहे. मी हे वाक्य विचारपूर्वक लिहिले आहे आणि खोडणार नाही.

तुला माहीत नाही, मी आज या गावात अळूसाठी प्रसिद्ध आहे. पेन्शनीतली आम्ही सहा-सात मंडळी महिन्यातून एकदा तळ्याकाठच्या देवळात जमतो, हौसेने स्वयंपाक करतो, आणि हिंग खडा बरा की पूड, यावर तावातावाने भांडतो. भांडी मी आणतो. प्रत्येकाची कल्हई नखाने पाहतो, मंडळी हसतात, म्हणतात, "हे लग्नाची मुलगीसुद्धा एवढी निरखून पाहणार नाहीत." कोणी विचारतो, हा हात कोणाचा? मी सांगतो, आत्याचा. ती बाई मीठसुद्धा धड घालीत नसे. मग दुसरे कोणाचे नाव घ्यायचे होते मी? तुझे नाव घेतले, की लोक तपेल्यापाशी येतात.

आणि तुझा मोठा अपराध तर पुढेच आहे. तुझे कान. दगडीत पळी फिरली तर बद्द वाजते, तांब्यात टणटणते. मोहरीचे राहिलेले दोन दाणे पडवीत बसून ऐकणारी तू. अर्धा तास मी ते अळू घोटीत होतो, आणि तुला पळी कशावर वाजते ते ऐकू आले नाही, असे मी मानावे? ऐकलेस. एकदा हाक मारली असतीस तर मी भांडे उतरवले असते. कदाचित उतरवले असते. तू गप्प बसलीस, आणि मी इतकी वर्षे स्वतःला हेच सांगत आलो, की निम्मा दोष तुझा आहे. मला कळायला काही मार्गच नव्हता. नैवेद्य दाखविण्यापूर्वी कोणी चाखीत नाही. चाखले की अन्न उष्टे झाले. हा नियम मी या घरात इतका कडक पाळतो, की मागच्या महिन्यात थोरल्या सुनेने खिरीचे बोट जिभेला लावले म्हणून सबंध पातेले गाईला घालायला लावले. ती रडली. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.

नातसुनेने विचारले, कळले कसे नाही.

आई, मी चाखले होते. पाने मांडून झाली होती, शिरस्तेदार हातपाय धूत होते, आणि पळीला लागलेले अळू मी बोटाने निपटून जिभेवर ठेवले. तांब्याच्या ढब्बू पैशासारखी चव होती. मी परसदारी जाऊन चूळ भरली. पुन्हा भरली. मान वर केली तेव्हा तू गोणपाटावरून माझ्याकडे पाहत होतीस. त्या दिवसभरात तेवढी एकदाच तू वळलीस. तू काही विचारले नाहीस. मी आत गेलो, देवाला नैवेद्य दाखवला, आणि वाढायला घेतले.

हा कागद वाचणारे तुझ्याकडे कोणी नाही. सुनेलाही वाचता येत नाही, नातसुनेलाही नाही. त्यांना सांगायचे तर तोंडाने सांगावे लागेल, आणि माजघर इथून दहा पावलांवर आहे. मधले दार मघाशी मीच लावून घेतले.