लंगडं पान

सोम., २ फेब्रु.
शनिवारच्या व्याख्यानाच्या स्लाइड्स तयार. येवल्याकडच्या विहिरीतले दोन दगड, लाव्हाच्या थरांमधले, दोन पानांचे ठसे. ‘अ’ सरळ, त्याचे आजचे नातेवाईक आफ्रिकेत. ‘ब’ तिरकं, त्याचे ब्रह्मदेशाकडे. म्हणजे भारत सरकत असताना झाडं दोन्हीकडून इथे आली. सात वर्षांचं काम.

यमुनाताई (विभागातल्या शिपाई, पेठकडच्या) टेबल पुसताना स्क्रीनवरचे ठसे बघून थबकल्या. “सर, ही दोन झाडं नाय. येकाच देठाचं मधलं पान आन् बाजूचं पान हाय. बाजूचं लंगडं ऱ्हातं.” लहानपणी पळसाच्या पत्रावळी टाचायच्या म्हणे. मी हसलो. ताई, ही पत्रावळ नाही, म्हणालो. वरून त्यांनाच चहा सांगितला.

बुध., ४ फेब्रु.
राहवेना. कपाटातले पळसाचे वाळवलेले नमुने काढले. मधलं पान सरळ, बाजूची दोन्ही लंगडी, एका अंगाने रुंद. मग अ आणि ब भिंगाखाली. दोन्हींच्या शिरा तंतोतंत सारख्या. झाड पळस नव्हे, पण रीत तीच. आणि झाड एकच!

‘कुठेही जा, पळसाला पानं तीनच’ ही म्हण वर्गात शंभरदा फेकली असेल. त्यातली पानं कधी मोजली नाहीत. लाज वाटते.

दोन्हीकडून आली, हे गेलं. एकाच झाडाचे नातेवाईक दोन्हीकडे, तर ते बहुधा आफ्रिकेकडून आलं, भारताबरोबर सरकलं, पुढे पूर्वेला उतरलं. माझ्या मांडणीपेक्षा हीच चांगली.

शनि., ७ फेब्रु.
व्याख्यान झालं, नव्या मांडणीसकट. टाळ्या. प्राचार्यांनी विचारलं, हे सुचलं कसं? म्हणालो, “निरीक्षण.”

ताई ट्रे घेऊन दारातच होत्या. ऐकलं त्यांनी. तरी माझा बिनसाखरेचा कप आठवणीने वेगळा ठेवलेला.

सोम., ९ फेब्रु.
या ठशांवरचा लेख पुन्हा लिहिला. शेवटी आभार. ‘यमुनाताई’, पुढे काय? अकरा वर्षं एका विभागात, आणि आडनाव माहीत नाही. जाऊन विचारलं. फडकं हातात तसंच धरून म्हणाल्या, “पूर्ण नाव कशाला, सर? माझं काय चुकलं का?”

चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. “नाही हो, कागदासाठी,” म्हणालो.

त्यांनी सांगितलं. चिठ्ठीवर लिहून आणलंय. आभारात घालायचं की वर, माझ्या नावाशेजारी... लेख उद्या पाठवायचा आहे.