एकाच रंगाच्या तारा

४ मार्च

चि. छोटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. फोन केला की बाबा तुझ्या शेजारीच असतात, म्हणून पत्र. ते मोटारसायकलवरून पडले त्या दिवशी मी किल्ली काढून घेतली आणि हे धूड भंगारात घालीन म्हणालो. ते तडक तुझ्याकडे निघून गेले, त्याला आज तेवीस दिवस झाले. घर खायला उठतं. पूजेला बसलो तरी लक्ष अंगणातल्या त्या चेपलेल्या हेडलाइटकडे.

शेवटी त्याचा पत्र्याचा डबा बदलायला घेतला. चाळीस वर्षांपूर्वीचा, हुबेहूब तसाच, जुन्या बाजारात मिळाला. पण घाईघाईत तारा एकदम उपसल्या. या गाडीच्या झाडून साऱ्या तारा त्या डब्यातच येऊन मिळतात, आणि बाबांनी सगळं वायरिंग काळ्या तारेच्या एकाच गुंडाळीतून केलेलं! खूण कशालाच नाही. चौदा टोकं माझ्याकडे बघत बसली आहेत. मेकॅनिकनं हात जोडले, ज्यानं केलं त्यालाच विचारा म्हणाला. तेव्हा तू सहज विचारल्यासारखं करून काढून घे. माझं नाव नको.

तुझा माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा बाबांच्या मनातही झिरपू दे.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास सा. न.

वि. वि. म्हणे सहज विचार! मला सायकलची चेन बसवता येत नाही, आणि मी चहा देता देता विचारते, बाबा, हॉर्नची तार कुठून जाते हो? ते बघतच राहिले. मग म्हणाले, त्या गाढवानं डबा उघडला वाटतं.

आल्यापासून खिडकीशी बसून असायचे, दोन घास कसेबसे खायचे. आता कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढतात, खोडतात, येरझाऱ्या घालतात. दादाचं बोलणं मनावर घेऊ नका म्हटलं, तर म्हणाले, भंगार गाडीला म्हणाला की मला, तेवढं विचार. दादा, हे काही माझ्याच्यानं होणार नाही. तूच लिही, आणि त्यांनाच लिही.

वहिनीला नमस्कार. रागावलेली, तरी तुझीच,

छोटी

१३ मार्च

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

वि. वि. गाडीलाच म्हणालो, असं लिहायला बसलो होतो. पण सकाळीच देवापुढे हात जोडलेले, खोटं उतरेना. तुम्हाला उचललं तेव्हा तुम्ही फार हलके लागलात. भ्यालो. त्या क्षणी तुमच्या म्हातारपणाचाच राग आला आणि तोंडाला येईल ते बोललो. चुकलो.

घरी या. एवढंच मागणं.

आपला थोरला

१७ मार्च

चि. थोरल्यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

सोबत आकृती आहे. बारा टोकं लिहून दिली आहेत. आधी बॅटरीची तार सोडव, मग हात घाल. उरलेली दोन दिव्याची, ती लोंबकळू देत. मी शनिवारी पोचतो. माझा हात आता थरथरतो, म्हणून स्क्रू तू आवळायचास, मी बोट दाखवीन. चुकलास, तर मीही तोंडाला येईल ते बोलेन.

तुझे बाबा